खरवडून काढलेली वर्षं

स्कूटर रिस्टोरेशनची रील्स तुम्हीही पाहत असाल. एक पाहिलं की फोन पुढची दहा आपणहून आणून देतो. पहिल्या पाच सेकंदांत एक चेतक दिसते. गवतात पडलेली, सीट फाटलेली, पत्रा गंजलेला, हेडलाइटच्या जागी नुसतं भोक. मग ग्राइंडर फिरतो, ठिणग्या उडतात, जुना रंग उतरून पत्रा उघडा पडतो. त्यावर लांबी, घासकाम, प्रायमर, रंगाचे हात. शेवटी तीच स्कूटर शोरूममधून निघाल्यासारखी लखलखत उभी. खाली कॉमेंट्स: बाबांची आठवण आली, डोळे भरून आले, किती खर्च आला?

मी ही रील्स आवडीनं पाहतो आणि मी स्वतः रोज जुनी चेतक चालवतो. त्यामुळे मला हा प्रकार नुसता 'कंटेंट' वाटत नाही. कथेला असतो तसा त्याला घाट आहे, नायक आहे, खलनायक आहे, सुखान्त आहे. मग कथेला विचारतो तोच प्रश्न त्यालाही विचारायला हवा: ही गोष्ट नेमकं काय सांगते आणि काय गाळते?

गाळते ती मधली वर्षं. या रील्समध्ये स्कूटरचे दोनच क्षण असतात, कारखान्यातून बाहेर पडली तो आणि आज पुन्हा चमकली तो. मधल्या तीसेक वर्षांत ती ज्या ज्या कामाला आली, ते सगळं गंज आणि धूळ म्हणून खलनायकाच्या खात्यात जमा होतं. फूटबोर्डवर गॅसची टाकी ठेवून पडलेला पोचा, पुढं उभ्या राहणाऱ्या पोराच्या बुटांनी घासलेला पत्रा, हँडलला लटकलेल्या पिशव्यांनी उडालेला रंग हे सगळं ग्राइंडरखाली एका सेकंदात जातं. बाबांची आठवण येते म्हणणारा प्रेक्षक, बाबांच्या खुणा खरवडून काढल्या जाताना टाळ्या वाजवत असतो.

या मंडळींचं श्रेय आधी देतो. त्यांच्यामुळे कितीतरी विशीतल्या मुलांच्या हातात पाना आला. कार्ब्युरेटर उघडून जेट कसा साफ करायचा, क्लच प्लेट कशा बदलायच्या, हे मराठीत, नीट जवळून दाखवणारं दुसरं ठिकाण आज कुठं आहे? पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानात जुन्या स्कूटरचं रबर मागायला पोरं येतात, त्यात रील्सचाही वाटा आहे. डेंटिंगचं काम तर कसबाचंच. पोचा आतून हातोडीनं उठवून पत्रा पुन्हा सरळ करणाऱ्या माणसाचे हात पाहत राहावेत असेच असतात. माझा आक्षेप कौशल्यावर नाही, ज्या आदर्शासाठी ते राबवलं जातं त्यावर आहे. त्या आदर्शाचं नाव 'ओरिजिनल'.

ओरिजिनल म्हणजे काय, हे चेतकच्या बाबतीत विचारून पाहा. १९४६ मध्ये इटलीत पियाज्यो कंपनीनं व्हेस्पा बाजारात आणली. ती रेखाटणारा कोराडिनो दास्कानियो हा विमानं आणि हेलिकॉप्टरवर काम केलेला इंजिनिअर. त्याला मोटरसायकल आवडायचीच नाही. चेनचं तेल कपड्यांना लागतं, पंक्चर झालं की चाक काढणं जिवावर येतं. म्हणून त्यानं इंजिन पत्र्याखाली झाकलं, मागच्या चाकाशी थेट जोडून चेनच काढून टाकली, गिअर हँडलवर आणला आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. ही गाडी परवान्यावर बजाजनं पुण्यात बनवली. परवाना संपल्यावर १९७२ मध्ये व्हेस्पा स्प्रिंटच्या घाटाची स्कूटर राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन आली, ती चेतक. म्हणजे जिला आपण ओरिजिनल म्हणून जपतो, ती मुळातच दुसऱ्याच्या कल्पनेला इथल्या रस्त्यांवर, इथल्या कारखान्यात दिलेलं रूप आहे. पुढं तिच्यात इतके बदल होत गेले की अमुक एक चेतक अस्सल असं म्हणताना आपण फक्त एक साल निवडत असतो. आणि निवडतो ते बहुतेक आपल्या लहानपणाचं.

१९८९ च्या 'हमारा बजाज' जाहिरातीशी या रील्सची तुलना केली की फरक चटकन कळतो. ती जाहिरात होती, तिला माल विकायचा होता. तरी तिच्यात माणसं होती. वेगवेगळ्या थरांतली, वयांची, धर्मांची माणसं आणि त्यांच्या रोजच्या जगण्यातली स्कूटर. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली गाडी घरातली होऊन जाते, हे तिला कळलेलं होतं. रीलमध्ये माणूस उरत नाही. ग्लव्ह घातलेले दोन हात दिसतात, एक पॉलिशचं कापड दिसतं आणि शेवटी रिकामी सीट. जाहिरातीनं वस्तू विकताना वापर दाखवला, आणि काहीच न विकणारं रील वापर पुसून फक्त वस्तू दाखवतं, हे मला चमत्कारिक वाटतं.

रोज चालवणाऱ्याचं स्कूटरशी नातं वेगळ्या जागी असतं. पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण २० मिली ऑइल. कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा होतो आणि धूर वाढतो. गाडी गचके खायला लागली की सीटखालचा कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. प्लग काढून काचकागदानं घासायचा, गॅप अंदाजानं बसवायचा. क्लचची किंवा गिअरची वायर केव्हा तुटेल सांगता येत नाही, म्हणून डिकीत एक जास्तीची वायर, एक प्लग, एक पाना. पुढचं चाक मागं आणि मागचं पुढं बसतं, स्टेपनी दोन्हीकडे चालते. दास्कानियोनं चाक काढणं सोपं केलं म्हणून रस्त्याच्या कडेला, पावसात, ऑफिसच्या कपड्यांत माणूस ते बदलू शकतो. या गाडीचं सौंदर्य मला तिथं दिसतं. मालकाला मेकॅनिकच्या दारात बांधून न ठेवणारी ती रचना आहे. आणि नेमकं हेच रंगाच्या फवाऱ्यात दिसत नाही.

रॉबर्ट पिर्सिगच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या १९७४ च्या पुस्तकात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल झालेलं असतं. निवेदक सुचवतो, बिअरच्या डब्याच्या ॲल्युमिनियमची एक पट्टी कापून आत सारू, घट्ट बसेल. मित्राला तो जवळजवळ अपमान वाटतो. बीएमडब्ल्यूला डब्याचा पत्रा! निवेदकाला मात्र त्या पत्र्यात डबा दिसत नाही, मऊ, न गंजणारा, हव्या त्या जाडीचा धातू दिसतो. आपल्याकडच्या कुठल्याही फुटपाथवरच्या मिस्त्रीला हा वाद समजावून सांगावा लागणार नाही. सायकलच्या ट्यूबचं वायसर, पत्र्याची पट्टी, तारेचा वेढा यांवर हजारो स्कूटर घरी पोचल्या आहेत. रिस्टोरेशनच्या रीलमध्ये ही पट्टी सापडली की ती कॅमेऱ्यापुढं धरून हसतात. मग कंपनीचा पार्ट बसवतात. बसवावाच, पण हसण्याआधी ती पट्टी किती वर्षं टिकली ते तरी मोजावं.

आता सजावटीकडं, म्हणजे कस्टमकडं वळू. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या मॉड पोरांनी आपल्या व्हेस्पा-लँब्रेटांवर डझनभर आरसे आणि दिवे चढवले. कामगार वस्तीतल्या पोरानं टापटीप सूट घालून, आरशांनी झगमगणारी स्कूटर चालवणं हा एक ताठा होता. इंडोनेशियात पोरं भंगार, बांबू, लोखंडी सांगाडे जोडून व्हेस्पाची अशी काही लांबच लांब वाहनं करतात की मूळ गाडी शोधावी लागते. तिथं गंज हीच शोभा. दोन्हीकडे बदल करणारा स्वतःबद्दल काही बोलतो आहे. आपल्याकडच्या कस्टम कामांत मॅट रंग, रुंद टायर, तपकिरी चामड्याची सीट असं बरंच दिसतं, पण बोलणं फार कमी ऐकू येतं. इटलीतल्या कॅफेसमोर शोभेल अशी गाडी तयार होते आणि ती कोथरूडमध्ये उभी असते.

इथलं खरं कस्टम काम बघायचं असेल तर सिग्नलला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटं चाक जोडलेली स्कूटर बघा. पायांत बळ नसलेल्या माणसासाठी केलेली. कुठं ब्रेक हाताशी आणलेला, कुठं कुबडी अडकवायला बाजूला नळी. वजन कसं वाटलं जाईल, वळताना गाडी कलणार नाही मग तोल कसा राखायचा, खड्ड्यात एकच चाक गेलं तर काय, एवढा विचार त्या वेल्डिंगमध्ये आहे. किंवा गावाकडची एम-८० आठवा. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या पेलणारे आकडे आणि कॅरिअर. माणसाचं शरीर, त्याचा धंदा आणि यंत्र एकमेकांत असे बसलेले मी फार कमी ठिकाणी पाहिले आहेत. पण याला आपण जुगाड म्हणतो. हौशी माणसानं हजारो रुपये घालून केलं की कस्टम, पोटासाठी केलं की जुगाड. हा भेद कामाच्या दर्जाचा नाही, करणाऱ्याच्या ऐपतीचा आहे.

कायद्याची भाषाही या सगळ्याला लागून आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना बांध घालतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत असं सांगितलं. अपंग व्यक्तींसाठीच्या बदलांना त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीनं वाट ठेवली, हे चांगलं झालं. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूप राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. १९७२ च्या चेतक आता या वयात आल्या आहेत. म्हणजे सन्मान हवा असेल तर वापर सोडा. रील जे नकळत सांगतं, तेच नियमानं लिहून दिलं आहे. ज्यांना तो सन्मान नको, त्यांनी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी पास करून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा.

यावर एक उत्तर येतं आणि ते खोटं नाही. टू-स्ट्रोक इंजिन धूर ओकतं. जळलेल्या पेट्रोलबरोबर ऑइल आणि न जळलेलं पेट्रोलही बाहेर टाकतं. शहरातल्या हवेत श्वास घेणाऱ्या पोराला माझ्या सौंदर्यदृष्टीशी काय देणंघेणं? हा प्रश्न मला टाळता येत नाही. सगळ्यांनी पुन्हा टू-स्ट्रोकवर बसावं असं मी म्हणणार नाही. बजाजनं २००९ मध्ये स्कूटर थांबवायचं ठरवलं आणि २०२० पासून चेतक हे नाव विजेवर धावतं आहे, हे ठीकच आहे. पण मग जपायचं काय ते नीट ठरवायला हवं. इंजिन उद्या रस्त्यावरून जाईल. त्याच्याभोवती तयार झालेलं ज्ञान, म्हणजे आपली गाडी आपण उघडायची, तिचा आवाज ओळखायचा, तात्पुरती का होईना स्वतः चालू करायची, हे जाऊ नये. नव्या विजेच्या गाड्यांमध्ये बिघाड स्क्रीनवर दिसतो आणि दुरुस्ती सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपवर होते. तिथं मालक पुन्हा दारात उभा. जुन्या स्कूटरकडून शिकायचं ते हे आहे आणि रंगाचा कोड कितीही अचूक जुळला तरी ते त्यातून मिळत नाही.

टीका करणाऱ्यानं आवडलेलं कामही दाखवावं. मध्यंतरी एका गॅरेजच्या बाहेर एक निळी चेतक पाहिली. इंजिनचं पूर्ण काम झालेलं, सगळ्या वायरी नव्या, ब्रेक, टायर, वायरिंग नवं. रंग मात्र जुनाच. गंज होता तेवढा थांबवलेला, वर पारदर्शक थर दिलेला. फूटबोर्डचा पोचा तसाच. ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला कुणीतरी बॉलपेननं ऑइल बदलल्याच्या तारखा लिहिल्या होत्या, त्या राखलेल्या आणि त्याखाली नव्या मालकानं आपल्या हातानं पुढची तारीख लिहिलेली. मला हे रिस्टोरेशनमधलं उत्तम लेखन वाटलं. जुन्या माणसाचं वाक्य खोडलेलं नव्हतं, त्याला पुढचं वाक्य जोडलेलं होतं.

तुमच्या घरी, वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली अशी एखादी स्कूटर असेल तर तिचं काम जरूर काढा. फक्त ग्राइंडर लावण्याआधी ती ज्यांनी चालवली त्यांना एकदा शेजारी बसवा आणि प्रत्येक पोच्यावर बोट ठेवून विचारा, हा कशाचा? सगळे ठेवायचे की नाहीत, हे उत्तरं ऐकल्यावर ठरवा.