साथीच्या काळातील पत्रकाराची भूमिका : प्लेग ते कोविड

पत्रकाराला आपली भूमिका कोणती वाटते आणि ती त्याच्या बातमीत प्रत्यक्ष किती उतरते, हे दोन प्रश्न पत्रकारितेच्या अलीकडच्या अभ्यासात वेगळे मानले जातात; पहिल्याला भूमिकाकल्पना आणि दुसऱ्याला भूमिकानिर्वाह असे म्हणता येईल. चिलीच्या अभ्यासक क्लॉडिया मेयादो यांच्या वर्गीकरणात या निर्वाहाचे सहा प्रकार येतात, पण साथरोगाच्या संदर्भात त्यांतले तीनच कळीचे ठरतात : कारभारावर नजर ठेवणारा प्रहरी, शासनाच्या प्रयत्नांना हातभार लावणारा सहायक आणि रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल अशी माहिती पुरवणारा सेवक. संकटकाळात प्रहऱ्याने जरा दमाने घ्यावे, अशी अपेक्षा सरकारी कचेऱ्यांत असतेच, पण ती वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही आढळते. मराठी पत्रांचा पूर्वेतिहास मात्र या अपेक्षेला फारसा आधार देत नाही.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग अधिनियम आला आणि पाठोपाठ पुण्यात वॉल्टर रँड यांच्या हाती प्लेग समितीची सूत्रे गेली. ‘केसरी’ने रोग्यांना वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाला विरोध केला नाही, टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला, शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना बोल लावले आणि त्याच वेळी घराघरांत शिरणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या तपासणीवर कठोर टीकाही केली. सेवक आणि प्रहरी या दोन्ही भूमिका तेथे एकाच पत्रात नांदत होत्या, आणि इस्पितळाच्या कामात प्रत्यक्ष उतरल्यामुळेच त्या टीकेला वजन आले, असे म्हणण्यास जागा आहे. (‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा तर फेब्रुवारी 1897 मध्ये प्लेगनेच बळी घेतला.) याच साथीने प्रहऱ्याच्या भूमिकेतला धोकाही दाखवून दिला. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’मधून सोजिरांवर स्त्रियांच्या अब्रूसंबंधी गंभीर आरोप केले, परतल्यावर ते सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आरोप खोटेच होते असे त्यावरून ठरत नाही, परंतु ज्याला साक्षीदार उभा करता येत नाही असा आरोप अखेर सरकारच्याच पथ्यावर पडतो, एवढे या प्रकरणाने नक्की केले.

सव्वाशे वर्षांनी तोच 1897 चा अधिनियम पुन्हा कामी आला. 9 मार्च 2020 रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण आढळले आणि 14 मार्चला राज्याने या अधिनियमाखाली जे नियम काढले, त्यांत कोविडविषयीची माहिती कोणत्याही माध्यमातून प्रसृत करण्यापूर्वी तथ्यांची खातरजमा आणि आरोग्य संचालक, जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त अशा अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली गेली. अफवा रोखण्याचा हेतू मान्य केला, तरी ज्याच्या कारभाराची बातमी त्याचीच परवानगी, ही रचना प्रहऱ्याला सहायकाच्या जागी बसवणारी होती. सर्वच माध्यमांना अशा दडपणाची गरज पडली नाही, हेही खरे. तबलिगी जमातीच्या प्रकरणात अनेक वाहिन्यांनी आपण होऊन एका समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट 2020 मध्ये गुन्हे रद्द करताना या प्रचारावर ताशेरे ओढले.

मराठी पत्रकारितेने या काळात सेवकाची भूमिका मनापासून निभावली. वार्ताहर स्वतः आजारी पडत होते (एप्रिल 2020 मध्ये मुंबईतल्या एका तपासणीत 53 पत्रकार बाधित निघाले), तरी कोठे खाट मिळेल, कोठे प्राणवायूचे सिलिंडर आहे, हे सांगण्याचे काम थांबले नाही. परंतु सेवेलाही चिकित्सा लागते. एप्रिल 2021 मध्ये रेमडेसिव्हिरच्या टंचाईने रकानेच्या रकाने भरत होते, नातेवाइकांच्या रांगा आणि काळाबाजार यांचे वार्तांकन चोख होत होते; पण जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच या औषधाच्या वापराविरुद्ध शिफारस केली होती, ही गोष्ट त्या रांगेतल्या माणसापर्यंत क्वचितच पोचली. औषधाचा पत्ता देणारी आणि औषधाची परीक्षा करणारी पत्रकारिता यांतले अंतर धैर्याच्या अभावातून आलेले नव्हते. वैद्यकीय संशोधन वाचता येणारा माणूसच संपादकीय विभागात नव्हता, हे त्याचे अधिक खरे कारण दिसते.

मृत्यूंच्या आकड्यांबाबतही असेच घडले. 16 जून 2020 रोजी राज्याने ताळमेळानंतर पूर्वी न नोंदलेले 1,328 मृत्यू एका दिवसात यादीत घेतले. तोवर रोज संध्याकाळी येणारा सरकारी आकडा बहुतांशी जसाच्या तसा छापला जात होता. याउलट शेजारच्या गुजरातेत ‘संदेश’चे वार्ताहर शवागाराबाहेर आणि स्मशानात उभे राहून प्रेते मोजत होते, आणि ‘दिव्य भास्कर’ने मे 2021 मध्ये दाखवून दिले की 1 मार्च ते 10 मे या अवधीत राज्यात सुमारे 1 लाख 23 हजार मृत्युदाखले दिले गेले, आदल्या वर्षी याच अवधीत ते सुमारे 58 हजार होते, आणि सरकारी कोविडबळी मात्र 4,218 होते. त्या वृत्तात विशेषणांची गरजच उरली नव्हती. गोखल्यांना जो साक्षीदार मिळाला नाही, तो येथे सरकारी दप्तरातच सापडला होता. अशा मोजणीला लागणारी माणसे मराठी पत्रांकडेही आहेत, कारण गावच्या स्मशानाची आणि ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदींची खबर तालुक्याच्या वार्ताहराइतकी दुसऱ्या कोणाला नसते; फक्त त्याला तुटपुंजे मानधन मिळते, आणि ज्या पुढाऱ्याच्या कारभाराबद्दल विचारायचे त्याच्याच वाढदिवसाची जाहिरातही त्यानेच आणायची असते.