‘मॅकॉले’ या आडनांवाचा विचार

आडनांव एक तेथें कुल एक, हा समज कुलेतिहासांत वारंवार आढळतो. आम्हांस तो ग्राह्य वाटत नाहीं. १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळें आपल्याकडे सर्वश्रुत झालेलें ‘मॅकॉले’ हेंच नांव पाहावें. गेलिक भाषेंत ‘मॅक’ म्हणजे पुत्र; त्यापुढें पित्याचें नांव षष्ठ्यंत येतें. ‘दाशरथि’ शब्दांत जें कार्य तद्धित प्रत्यय करितो, तें येथें स्वतंत्र शब्द करितो. परंतु पिता कोण? स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुइस बेटाच्या मॅकॉल्यांचें नांव ‘ओलाफ’ या नॉर्स नांवापासून निघालें. डंबार्टनशायरांतील आर्डिनकॅपलच्या मॅकॉल्यांचें ‘अमल्गाइद’ या गेलिक नांवापासून, असें मानितात. १५९१ च्या करारपत्रांत आर्डिनकॅपलच्या कुलप्रमुखानें आपला संबंध मॅकग्रेगर कुलाशीं सांगितला आहे, लुइसशीं नव्हे. बरें, व्युत्पत्ति एक असली तरी कुल एक ठरतेंच असें नाहीं. आयर्लंडांतील कॉर्क प्रांताचे मॅकॉलिफ हेहि नांवानें ‘ओलाफपुत्र’च, पण ते मॅक्कार्थी कुलाची शाखा होत.

तात्पर्य, व्युत्पत्तीनें नांवाचें मूळ कळतें. कुलाचें मूळ कागदपत्रांनींच सिद्ध करावें लागतें. देशपांडे, कुलकर्णी अशा वृत्तिवाचक आडनांवांवरून आप्तसंबंध जुळविणाऱ्या आपल्या कुलवृत्तांतकारांनींहि हें ध्यानीं ठेवावें, अशी आमची विनंति आहे.