जाणणे आणि जगणे : मुक्तिबोधांचा ब्रह्मराक्षस

चांगले काय हे ठाऊक असूनही माणूस ते करीत नाही, हा नीतिविचारातील फार जुना पेच आहे. धर्म कळतो, पण त्याकडे प्रवृत्ती होत नाही, अशी कबुली आपल्या परंपरेने दुर्योधनाच्या तोंडी घातली. सॉक्रेटिसाने मात्र अशी अवस्था संभवतच नाही असे मानले. त्याच्या मते ज्याला चांगले खरोखर कळले, तो जाणूनबुजून वाईट करणार नाही. जो करतो त्याला ते कळलेलेच नसते. आपल्या साहित्यसमीक्षेने हा प्रश्न बहुधा उक्ती आणि कृती यांच्यातील विसंगतीपुरता मर्यादित ठेवला. लेखकाला प्रामाणिक किंवा दांभिक ठरवले की तिचे काम संपत असे. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांच्या लेखनापाशी आले की हा निवाडा अपुरा पडतो. कारण त्यांची पात्रे दांभिक नाहीत. त्यांना जे कळले आहे ते त्यांनी सचोटीने, कष्टाने मिळवलेले आहे, आणि तरीही त्यांचे जीवन नासलेले आहे.

मराठी वाचकाने हा लेखक परका मानण्याचे कारण नाही. मुक्तिबोधांचे घर मराठी होते. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक म्हणून मान्यता पावले, तर थोरल्या भावाने हिंदीची वाट धरली. चाळीसच्या दशकात काही काळ मुक्तिबोध जबलपूरला शिक्षक होते. पुढे ते नागपूरला आणि तेथून १९५८ मध्ये राजनांदगावच्या महाविद्यालयात गेले, तरी जबलपूरशी असलेले नाते तुटले नाही. हरिशंकर परसाई तेथून ‘वसुधा’ हे मासिक काढीत. ‘एक साहित्यिक की डायरी’ या नावाने १९६४ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या चिंतनातील बराच भाग प्रथम त्या मासिकात प्रसिद्ध झाला.

मुक्तिबोधांच्या समीक्षाविचारात ‘संवेदनात्मक ज्ञान’ आणि ‘ज्ञानात्मक संवेदन’ ही जोडी वारंवार येते. तिचा विचार सामान्यतः काव्यनिर्मितीच्या संदर्भात केला जातो. वस्तुतः ती नीतीचीही परिभाषा आहे. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार तिच्या संसाराला पुरत नाही, हे कोणत्याही सुशिक्षित गृहस्थाला माहीत असते. तिच्या मुलाची फी थकल्याचे ऐकून त्याला हळहळही वाटते. म्हणजे ज्ञान आहे आणि संवेदनाही आहे. पण दोहोंची गाठ पडत नाही. हळहळीपोटी तो पन्नास रुपये हातावर ठेवतो आणि पगार मात्र तोच राहतो. हा गृहस्थ अज्ञानी नाही की निष्ठुरही नाही. त्याच्या ज्ञानाला वेदनेचा स्पर्श झालेला नाही आणि त्याच्या वेदनेला कारणांची जाण नाही, एवढेच. मुक्तिबोधांच्या दृष्टीने पाहिले तर सॉक्रेटिस आणि दुर्योधन यांच्या वादातील ‘ज्ञान’ हा शब्दच पुरेसा तपासलेला नाही, असे म्हणावे लागते.

‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत हा विचार प्रतिमेचे रूप घेतो. शहराबाहेरच्या ओसाड, पायऱ्यांच्या विहिरीत एका विद्वानाचे भूत राहते. अंगावरचा मळ जावा म्हणून ते रात्रंदिवस अंग घासते. मळ जात नाही. विहिरीत चुकून तिरपा सूर्यकिरण शिरला तर सूर्याने आपल्याला वंदन केले, असे त्याला वाटते. वैदिक ऋचांपासून मार्क्स, सार्त्र आणि गांधी यांच्यापर्यंत सर्वांवर ते नवी भाष्ये रचते. ही चेष्टा असती तर कविता सोपी झाली असती. परंतु कवी या भुताचा उपहास करीत नाही. त्याची शुद्धतेची ओढ खरी आहे, आत्मपरीक्षण कठोर आहे. चूक एवढीच आहे की हे सर्व विहिरीच्या आत चालते. अंतर्बाह्य अशा दोन जात्यांमध्ये भरडून तो मरतो, आणि कवितेच्या शेवटी निवेदक त्याचा शिष्य होऊन त्याचे अपुरे कार्य पुढे नेण्याची इच्छा व्यक्त करतो.

ही इच्छा म्हणजे काय, याचे उत्तर कवितेत नाही. ते ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत आहे. एक तरुण काशीत बारा वर्षे एका गुरूपाशी शिकतो. निरोपाच्या जेवणाच्या वेळी गुरूचा हात तूप आणण्यासाठी अमानवी लांब होतो आणि गुरू ब्रह्मराक्षस असल्याचे उघड होते. योग्य शिष्य न मिळाल्यामुळे, मिळवलेले ज्ञान दुसऱ्याला न देता आल्यामुळे तो त्या योनीत अडकला होता. आता तो सुटला. परंतु शिष्याने ते ज्ञान आणखी कोणाला दिल्यावाचून शिष्याची सुटका नाही. माझ्या मते मुक्तिबोधांच्या नीतिविचाराचा गाभा येथे आहे. नैतिक ज्ञान हे संचित नव्हे, ते ऋण आहे. ज्याला कळले त्याच्यावर ते चढते आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचवल्याखेरीज फिटत नाही. एकट्याने शुद्ध होण्याची धडपड कितीही उत्कट असली, तरी तिने मळच वाढतो.

ज्ञान दुसऱ्याला द्यायचे म्हणजे उपदेश करायचा काय? येथे परसाईंची आठवण होते. त्यांच्या ‘सदाचार का तावीज़’ या व्यंगकथेत भ्रष्टाचाराने त्रस्त झालेला राजा प्रत्येक नोकराच्या दंडावर सदाचाराचा ध्वनी उमटवणारा ताईत बांधतो. महिन्याच्या दोन तारखेला कारकून लाच नाकारतो आणि एकतीस तारखेला घेतो. राजा ताईताला कान लावतो, तर आज एकतीस तारीख असल्याने आजच्यापुरते घेऊन टाक, असे खुद्द ताईतच सांगत असतो. परसाई येथे उपदेशकाची आणि सत्तेची, दोघांचीही फजिती करतात. वेतन पुरत नाही ही वस्तुस्थिती तशीच ठेवून बाहेरून बांधलेले नीतिज्ञान अखेर त्या वस्तुस्थितीचीच भाषा बोलू लागते.

मुक्तिबोधांच्या ‘क्लॉड ईथरली’ या कथेत याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. प्रत्यक्ष ईथरली हा ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर हवामान पाहण्यासाठी गेलेल्या विमानाचा चालक. बाँब त्याने टाकला नाही, पण पुढे अपराधाची जाणीव त्याला सुटू देईना, आणि मनोरुग्णालयाच्या वाऱ्या त्याच्या वाट्याला आल्या. मुक्तिबोध त्याला भारतातल्या एका वेड्यांच्या इस्पितळात आणून बसवतात. असे वेडे आपल्या प्रत्येकाच्या मनात कोंडलेले आहेत, हे कथेचे म्हणणे आहे. ज्याने जाणीव दाबली तो शहाणा, ज्याला ती दाबता आली नाही तो वेडा, अशी समाजाची वाटणी झाल्यावर जाणण्याला किंमत मोजावीच लागते.

तथापि या लेखनाची एक उणीव नोंदवली पाहिजे. मुक्तिबोधांचे नैतिक नाट्य बहुतांशी सुशिक्षित पुरुषांच्या मनात घडते. ज्यांचे देणे आहे, ती माणसे पार्श्वभूमीवर राहतात. परसाईंच्या कथेतील कारकुनाला निदान पगाराची तारीख आहे. ब्रह्मराक्षसाच्या जगात कोणाला महिनाअखेर नाही. त्यामुळे अपराधभावनेलाच कृती समजण्याचा धोका तेथे राहतो. शरच्चंद्र मुक्तिबोधांनी आपल्या समीक्षेत ‘मानुषता’ हे मूल्य मध्यवर्ती मानले. त्या मूल्याच्या कसोटीवर थोरल्या भावाची कविता उतरते, पण ती अपुरी असल्याची खूणही तीच कसोटी देते.

स्वतः मुक्तिबोधांना हे जाणवले नव्हते असे नाही. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिले. विहिरीतले ज्ञान वर्गापर्यंत नेण्याचा तो साधा, सरळ प्रयत्न होता. १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली आणि वाद जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. या आघातातून ते पुरते सावरले नाहीत. कथेतील ब्रह्मराक्षसाला शिष्य मिळाला नव्हता. त्याच्या निर्मात्याला शिष्य मिळू शकत होते, पण ते पुस्तकच त्यांच्या हातातून काढून घेतले गेले. आपण ‘ब्रह्मराक्षस’ वाचतो तेव्हा हे ऋण आपल्याकडे येते. केवळ कवितेची थोरवी सांगून ते फिटणार नाही. महिन्याच्या शेवटी कोणाचा पगार आपण तसाच ठेवला, हे पाहण्यापासून त्याची फेड सुरू होते.