चित्रतक्त्याची भाषा : रजःस्रावाच्या मापनाविषयी

मासिक रक्तस्रावाचे मान डोळ्यांनी पाहून ठरविण्यासाठी हायम, ओब्रायन आणि शॉ यांनी 1990 साली एक चित्रतक्ता प्रसिद्ध केला. तो चित्रमय असल्यामुळे कोणत्याही भाषेतील स्त्रीस सारखाच उपयोगी पडेल, असे मानण्याकडे सहज कल होतो. प्रस्तुत लेखकाचा विषय वैद्यक नव्हे. परंतु चित्र आले की भाषेचा प्रश्न मिटला, ही समजूत भाषाशास्त्राच्याच कक्षेत येते.

तक्त्याची रीत सोपी आहे. किंचित डागळलेल्या पॅडला 1 गुण, मध्यम भिजलेल्यास 5, पूर्ण भिजलेल्यास 20. लहान गाठीस 1, मोठीस 5. पाळीच्या सर्व दिवसांची बेरीज 100 वर गेली की स्राव 80 मिलिलिटरहून अधिक समजावयाचा. ही 80 ची मर्यादा हालबर्ग प्रभृतींच्या स्वीडनमधील पाहणीतून 1966 साली पुढे आली. वापरलेली पॅड क्षारद्रावणात भिजवून रक्त मोजण्याची रासायनिक पद्धत त्यापूर्वी, 1964 साली, सिद्ध झाली होती. ती अचूक खरी, पण प्रत्येक पॅड जपून प्रयोगशाळेत पोचविणे कोणाला जमणार? म्हणून चित्राचा आधार. हायम प्रभृतींना 28 स्त्रियांच्या पाहणीत दोहोंचा मेळ समाधानकारक वाटला. 2000 साली रीड प्रभृतींना तसा आढळला नाही.

या मतभेदाचा निवाडा वैद्यांनी करावा. आम्हांस खटकतात ती गाठींची मापे. ती ब्रिटिश नाण्यांत दिली आहेत : लहान गाठ एका पेनीएवढी, मोठी पन्नास पेन्सएवढी. (पन्नास पेन्सचे नाणेच 1997 साली लहान करण्यात आले, ही गंमत निराळी.) पेनीच्या जागी रुपया घातल्याने काम भागत नाही. 1992 चा पोलादी रुपया 25 मिलिमीटर व्यासाचा, 2011 चा सुमारे 22 चा. क्षेत्रफळात जवळजवळ तीस टक्क्यांचे अंतर. लालबागच्या चाळीतील आजी 'बंद्या रुपयाएवढे कुंकू' म्हणते, तेव्हा तिच्या मनात याहूनही मोठा, चांदीचा रुपया असतो. आई आणि मुलगी दोघीही 'रुपयाएवढी गाठ' म्हणाल्या, तर शब्द एक आणि गाठी दोन!

कापडाच्या घडीचे तर चित्रच नाही. घडी तीन पदरी की पाच पदरी, यावर ती किती रक्त शोषील हे अवलंबून. आणि सामाईक संडासापुढे रांग असेल तेथे ती केव्हा बदलावयाची हे रांग ठरविते.

याहून गंभीर गोष्ट आमच्या शब्दसंग्रहाची आहे. 'बाहेरची होणे', 'बाजूला बसणे', 'कावळा शिवणे' हे सारे प्रयोग अंतर आणि स्पर्श सांगतात. परिमाण एकही सांगत नाही. 'पाळी' हा शब्दही मुळात क्रमाचा. त्यामुळे 'पाळी नीट येते ना?' या प्रश्नास स्त्री 'होय' म्हणते ते तारखेविषयी, स्रावाविषयी नव्हे. परिमाण येते ते 'अंगावर फार जाते' या वाक्यात. पण 'फार' कोणाच्या मानाने? आईच्या, बहिणीच्या. फॉन विलेब्रांट विकारासारखा रक्त न गोठण्याचा दोष आनुवंशिक असतो; अशा घरात तिघींनाही तितकेच जाते, आणि 'आमच्याकडे असेच असते' हे उत्तर मिळते. अशा विकारांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था परळलाच, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे; पण लालबागची मुलगी तेथवर पोचावयाची ती पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट उमगले तरच.

2007 पासून ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनी मिलिलिटरचा आग्रह सोडून, स्रावामुळे स्त्रीच्या जीवनात येणारा व्यत्यय ही कसोटी मानली. म्हणजे निदान पुन्हा तिच्या शब्दांवर येऊन ठेपले. चित्रतक्ता टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. तो येथील पॅडांवर आणि कापडाच्या घड्यांवर, ठरावीक माप ओतून, पुन्हा पडताळावा. आणि त्याच्या जोडीला प्रश्न असे असावेत : रात्री घडी बदलण्यासाठी उठावे लागते काय? अंथरुणाला डाग लागतात काय? त्या दिवसांत कामावर खाडा होतो काय?