मिलचा धान्यव्यापारी आणि राईनपाडा

जॉन स्टुअर्ट मिलच्या ‘ऑन लिबर्टी’चा (१८५९) आधार घेण्याची परंपरा आपल्याकडे आगरकरांपासूनची. मात्र चर्चा होते ती बहुधा दुसऱ्या अध्यायाची : चुकीचे मतही दाबू नये, कारण त्याला उत्तर देतानाच सत्य जिवंत राहते. मला तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. धान्यव्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वृत्तपत्रातून मांडायला मिलची हरकत नाही. तेच मत व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या प्रक्षुब्ध जमावापुढे मांडले, तर मात्र शिक्षा योग्य ठरू शकते. मत एकच, फरक आहे तो ऐकणे आणि हात उगारणे यांमधल्या अवधीचा.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे. बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. मिलच्या वक्त्याला समोरचा जमाव दिसतो. येथे संदेश पुढे पाठवणाऱ्याला तो दिसत नव्हता. आपण आयाबायांना सावध करतो आहोत, असेच अनेकांना वाटले असणार. मिलची कसोटी इथे अडखळते.

म्हणून शब्दांवरच बंदी घालावी काय? पालघरचा अनुभव ध्यानात घ्यावा. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते पसंत केल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली. जमाव होता, पण त्याने मोडतोड केली ती त्यांच्यापैकी एकीच्या काकांच्या दवाखान्याची. कायद्याने बोलणाऱ्यालाच धरले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले; चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत भेद केला. मिलच्या उदाहरणातला भेदही याच जातीचा.

माझ्या मते मिल कालबाह्य झालेला नाही. त्याने गृहीत धरलेला अवधी नाहीसा झाला आहे. जुलै २०१८मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. ती मतावर नाही, वेगावर आहे. म्हणून मला ती स्वातंत्र्याच्या विरोधातली वाटत नाही.

चुकीच्या मताला उत्तर मिळावे, असे मिल म्हणतो. राईनपाड्यात उत्तर देऊ शकणारी पाच माणसे समोरच होती. ते ऐकून घ्यायला कोणी थांबले नाही.