श्रद्धेचं बळ मोजायच्या आधी 'स्मृतिचित्रे' वाचा

'ख्रिस्ती श्रद्धेमुळे दुःख सोसायचं बळ मिळतं' असं गृहीतक सिनॉप्सिसमध्ये लिहिणार असाल, तर आधी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. मी विज्ञान शाखेचा, साहित्याचा नाही. पण मोजमाप कुठे फसतं हे मला कोर्सवर्कपेक्षा या पुस्तकाने जास्त नीट दाखवलं.

तुमच्या गृहीतकात बाण एकाच दिशेला जातो: आधी श्रद्धा, मग बळ. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत सुरुवातच उलटी आहे. 10 फेब्रुवारी 1895 ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि यांचा संसार मोडला. नवरा जिवंत, कपाळावर कुंकू, आणि तरी नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे. म्हणजे आपण जिच्यात बळ शोधायला निघालो, तीच श्रद्धा इथे दुःखाचं कारण! पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तेही आधी आपलं सोवळं सांभाळून. 1900 मध्ये मात्र त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

आता सांगा, प्रश्नावली त्यांना कोणत्या वर्षी द्याल?

केनेथ पार्गामेंट यांची 'ब्रीफ आरकोप' ही या क्षेत्रातली नेहमीची मोजपट्टी. तिच्यात 14 विधानं आहेत: 7 श्रद्धेच्या आधाराबद्दल, 7 श्रद्धेतल्या ओढाताणीबद्दल. (दोन्हींची बेरीज करून एकच आकडा काढू नका हं, त्या वेगळ्या गोष्टी आहेत.) पट्टी चांगली आहे, पण ती विचारते ते उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या श्रद्धेबद्दल. 1895 च्या लक्ष्मीबाईंचं दुःख दुसऱ्याच्या श्रद्धेतून आलेलं. त्यासाठी तिच्यात रकानाच नाही.

पुस्तकाबद्दलही माझी तक्रार आहे. बळ कुठून आलं, हे लक्ष्मीबाई सरळ सांगत नाहीत. माणसांतली जात देवाने केलेली नाही, हे पटण्याचा प्रसंग त्या रंगवून सांगतात. प्रार्थनेने काय दिलं याबद्दल त्या मानाने कमी बोलतात. पोरक्या मुलांना घरी आणून वाढवणं, टिळकांच्या तऱ्हेवाईकपणावर आणि स्वतःच्या फजितीवर हसणं, यातूनच आपण ते ओळखायचं. शिवाय टिळक गेले 1919 मध्ये, पुस्तक यायला लागलं 1934 पासून. म्हणजे सांगणारी बाई त्या सगळ्यातून तरून आलेली आहे. त्याच ओढाताणीत खचलेल्या कुणाचं पुस्तक आपल्या हाती नाही, आणि तरून आलेल्यांवरूनच निष्कर्ष काढायची घाई आपल्याला असते.

तेव्हा आपल्या छावणीत किंवा नगरला मुलाखतींसाठी जाल, तर 'श्रद्धेचा आधार वाटतो का?' याच्या आधी एक प्रश्न घाला: घरात पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, आणि तेव्हा बाकीचे कुठे होते?