वडिलांची पदे, लेकीचा गळा

आशा भोसले यांनी गायलेल्या मास्टर दीनानाथांच्या नाट्यपदांची चर्चा बहुधा ‘पितृऋण’ या शब्दाशी येऊन थांबते. २४ एप्रिल १९४२ रोजी वडील गेले तेव्हा आशाबाई आठ वर्षांच्या होत्या. हे हृद्य खरेच, पण गाण्याची समीक्षा त्यावर होत नाही.

कारंज्याला आमच्या घरी ही पदे कॅसेटवर होती. दीनानाथांचे मूळ ध्वनिमुद्रण मी फार उशिरा ऐकले. म्हणजे माझा प्रवास लेकीकडून वडिलांकडे, उलटा झाला. त्यामुळे पहिल्यांदा धक्का बसला तो दीनानाथांचाच. उंच पट्टी, धारदार आवाज आणि कुठून सुटेल याचा नेम नसलेली तान. त्या तानेखाली शब्द कधी कधी दबतो. ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असलेला हा गळा आहे. आशाबाईंचा गळा मायक्रोफोनपुढे घडला. अक्षर हळूच सोडणे, श्वासालाही अर्थ देणे हे त्यांना चित्रपटाने शिकवले, आणि नाट्यपदात त्यांनी ते लपवले नाही.

याचा सर्वांत मोठा लाभ ‘परवशता पाश दैवे’ या पदाला झाला. ‘रणदुंदुभी’ १९२७ सालचे. लेखक अमरावतीचे वीर वामनराव जोशी, चाली वझेबुवांच्या, प्रयोग बलवंत संगीत मंडळीचा. पद तेजस्विनीचे, आणि तेजस्विनी झाले होते स्वतः दीनानाथ. पुरुष स्त्रीवेषात गात होता आणि प्रेक्षक ऐकत होते ते देशाचे पारतंत्र्य. वडिलांचा संताप थिएटरवर फेकलेला आहे. लेकीने तोच संताप आत ओढून घेतला, आणि परवशता एका बाईची स्वतःची झाली. त्यात राजकारणाची धार थोडी बोथट होते, हे मान्य. तरीही मला हा सौदा लाभाचाच वाटतो.

‘मानापमान’च्या बाबतीत मात्र तसे म्हणवत नाही. खाडिलकरांचे हे नाटक १९११ चे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. दीनानाथांनी त्यांना आपले वळण दिले. ‘युवती मना’ गाताना आशाबाई त्या वळणाचा एकही आकडा सुटू देत नाहीत. तयारी थक्क करणारी आहे. पण तिथे भामिनी कुठे आहे? मला तिथे फक्त दीनानाथ ऐकू येतात, धडा चोख म्हणून दाखवावा तसे. जिथे त्या वडिलांना विसरल्या तिथेच त्या वडिलांच्या बरोबरीला पोचल्या, असे माझे मत झाले आहे. जाणकारांना ते उद्धट वाटेल.

आणखी एक खंत आहे. अमरावती कारंज्याहून काही फार दूर नाही. तरी ‘परवशता’ वऱ्हाडच्या लेखणीतून उतरले, हे मला कॉलेज संपल्यावर कळले. नाटक तर मी कधी रंगभूमीवर पाहिलेच नाही. पद राहिले, आणि तेही गाणाऱ्यांच्या नावावर.

मागच्या उन्हाळ्यात दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ लावून आत्याला ऐकवली. ती म्हणाली, “मले तं हे बाईचंच बरं वाटते.” नाटकातही ते बाईचेच पद होते, फक्त गाणारा पुरुष होता, असे मी सांगितले.

“मंग लिहिलं कोनं?”

मी नाव सांगितले. अमरावतीचे म्हटल्यावर तिने पद पुन्हा लावायला सांगितले, आणि या वेळी शब्दांकडे कान दिला.